बडोद्यातून स्टुडंट व्हिसा काढताय? आधी घरातल्या सगळ्यांची स्पेलिंगं जुळवा

भाच्याचा जर्मनीचा व्हिसा आला तेव्हापासून आमच्याकडे दर रविवारी कोणी ना कोणी फाइल घेऊन येतंच, कधी डांडिया बाजारातलं कोणी, कधी कारेलीबागेतलं, परवा तर मकरपुऱ्याहून एक काका मुलीला घेऊन आले आणि सोबत सेव उसळचं पार्सल, मग म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकतो. मी काही व्हिसा कन्सल्टंट नाही हं. रावपुऱ्यात एका सीएच्या ऑफिसात बावीस वर्षं कागद लावतोय, एवढंच माझं क्वालिफिकेशन. पण खरं सांगू का, हे काम पण तेच आहे. लोकांना वाटतं व्हिसा मार्कांवर मिळतो, फाडफाड इंग्लिशवर मिळतो, नाहीतर नशिबावर. मार्कांवर अ‍ॅडमिशन मिळते. व्हिसाच्या वेळी समोरचा बघतो की हा माणूस सगळ्या कागदांवर एकच आहे का, आणि याचा पैसा कुठून आला ते दिसतंय का. बाकी सगळं यानंतर.

मी जर्मनीचंच जास्त सांगणार, कारण ते स्वतःच्या हाताखालून गेलंय. युके आणि अमेरिकेचं मधेमधे येईल. आणि फीचे आकडे लिहितोय ते बदलत असतात, भरायच्या दिवशी ऑफिशियल साइटवर बघूनच भरा, माझ्यावर विसंबून राहू नका.

आमच्या भाऊजींचा ज्ञ

आमच्या भाऊजींचं नाव ज्ञानेश्वर. आता मराठी माणूस ज्ञ चा उच्चार द्न्य करतो, म्हणून इंग्लिशमध्ये लिहिताना डी-एन-वाय-ए. गुजरातीत तोच ज्ञ म्हणजे ग्न. त्यामुळे भाच्याला शाळेत घातला तेव्हा तिथल्या क्लार्कने अगदी प्रामाणिकपणे जी-एन-ए लिहिलं, तेच दहावीच्या बोर्डाच्या मार्कशीटवर गेलं, तिथून बारावीच्या, तिथून एमएसयूच्या, म्हणजे आपल्या सयाजीराव युनिव्हर्सिटीच्या, आठही सेमिस्टरच्या मार्कशीटवर. भाऊजींच्या आधारवर मात्र डी-एन-वाय-ए, पॅनवर कुणीतरी एन खाऊन टाकला म्हणून नुसतं डी-वाय-ए, आणि भाच्याचा पासपोर्ट काढताना हेच आधार समोर होतं म्हणून त्यात आधारचं स्पेलिंग. एकच माणूस, तीन स्पेलिंगं, आणि सगळी ‘बरोबर’.

तुम्ही म्हणाल बापाच्या नावाचं स्पेलिंग चुकलं तर मुलाचं काय अडलं. तर आपल्या गुजरातमध्ये मुलाच्या नावामागे बापाचं नाव लागतंच, मार्कशीटवर आधी आडनाव, मग मुलाचं, मग बापाचं. पासपोर्टातही पुष्कळांच्या गिव्हन नेमच्या रकान्यात मुलाचं आणि बापाचं नाव एकापाठोपाठ असतं. म्हणजे भाऊजींचा ज्ञ हा भाच्याच्या स्वतःच्या नावाचा भाग झाला की नाही? तिकडच्या माणसाला काय कळणार की ज्ञ एक आणि उच्चार दोन. त्याला दोन वेगळी माणसं दिसतात.

हे फक्त ज्ञ चं नाही. बडोद्यातल्या मराठी घरांत राव लावायची पद्धत जुनी, त्यामुळे एका कागदावर सुधाकर, दुसऱ्यावर सुधाकरराव, आणि लाइटबिलावर सुधाकरभाई. आडनावात शेवटी ए लावायचा की ई, मधे एच आहे का नाही. आणि सगळ्यात मोठा घोळ आईचा. आपल्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची हौस, मग आईच्या दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर त्या दिवशी दवाखान्यात बाबांनी जे सांगितलं ते. शेजारच्या एका मुलीचं युकेचं करताना हेच झालं, पैसे आईच्या खात्यात, आणि जन्मदाखल्यावरची आई निराळ्याच नावाची. युकेमध्ये आईवडिलांचा पैसा दाखवायचा तर ते आईवडीलच आहेत हे जन्मदाखल्याने सिद्ध करावं लागतं, सोबत त्यांचं संमतीपत्र. आता ती बाई बिचारी पंचवीस वर्षं स्वतःच्या मुलीची आई आहे पण कागदावर नाही.

तर पहिलं काम. कॉलेज निवडायच्याही आधी, आयेल्ट्सचा, म्हणजे इंग्लिशच्या परीक्षेचा, क्लास लावायच्याही आधी. एक रविवार काढा, मोठा कागद घ्या, उभ्या रांगेत घरातली माणसं, म्हणजे मुलगा, आई, बाबा, आणि जो पैसा देणार असेल तो, आणि आडव्या रांगेत कागद: पासपोर्ट, आधार, पॅन, जन्मदाखला, दहावी, बारावी, डिग्री, बँकेचं पासबुक, घराचे कागद. प्रत्येक चौकोनात त्या कागदावर जसं आहे तसं अक्षर न अक्षर उतरवा. कागद समोर ठेवून उतरवा, मला माहितीये म्हणून लिहायचं नाही, आम्ही तसंच केलं आणि पॅनचा एन आम्हाला दुसऱ्यांदा बघताना सापडला. जन्मतारखा पण त्याच कागदावर. जुन्या लोकांची जन्मतारीख शाळेत घालताना १ जून करून टाकलेली असते ते तर सगळ्यांना माहितीच आहे.

मग ठरवायचं की कुठला कागद खुंटा आणि बाकीचे त्याला बांधायचे. माझं मत असं की दहावीची मार्कशीट बदलणं सगळ्यात कटकटीचं, पासपोर्ट आणि आधार आणि पॅन बदलता येतात, म्हणून मुलाचं स्वतःचं नाव मार्कशीटप्रमाणे असू द्या आणि पासपोर्ट तसा करून घ्या. पासपोर्टात नावाची दुरुस्ती म्हणजे नवीन पासपोर्टच, री-इश्यू म्हणतात, साध्या ३६ पानांच्या बुकाचे १,५०० रुपये आणि तत्काळ असेल तर वर २,०००. बडोद्यातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, अहमदाबादला जायला नको. पण एक लक्षात ठेवा, हे सगळं अ‍ॅप्लिकेशनं सुरू व्हायच्या आधी. एकदा का युनिव्हर्सिटीचं लेटर जुन्या पासपोर्ट नंबरवर आलं की मग नवीन पासपोर्ट म्हणजे नवीन डोकेदुखी.

जिथे बदलणं शक्यच नाही तिथे अ‍ॅफिडेव्हिट. अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती आहे असं स्टँप पेपरवर, नोटरीचा शिक्का, आणि इंग्लिशमध्येच करा, गुजरातीत केलंत तर पुन्हा भाषांतर आलं. कोठीला कुबेर भवनच्या आसपास नोटरीवाले बसतातच, पण त्यांचा तयार नमुना वापरू नका, आमच्या नमुन्यात इंग्लिश ‘ही’ (he) बदलून ‘शी’ (she) करायचं त्याच्याकडून राहिलं आणि माझी ताई भाच्याचा बाप झाली. स्वतः टाइप करून न्या, तीन स्पेलिंगं असतील तर तिन्ही लिहा आणि कुठल्या कागदावर कुठलं तेही लिहा. जन्मदाखला जुना हाताने लिहिलेला गुजराती असेल तर महापालिकेतून नवीन प्रत काढा, आणि त्यात बाळाचं नाव आहे का ते बघा, पुष्कळ जुन्या दाखल्यांत नावाचा रकाना कोराच असतो!

एपीएस आणि वेळेचा हिशोब

जर्मनीचं विंटर सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्यांची शेवटची तारीख १५ जुलै, काहींची त्याच्याही बरीच आधी, मार्चमध्येच वगैरे. म्हणजे ज्या वर्षी जायचं त्याच्या आदल्या दिवाळीला तुमचं कागदांचं काम चालू पाहिजे. मी आमच्या भाच्याला सणांवर बांधून दिलं होतं: नवरात्रात नावांचा तक्ता, दिवाळीच्या सुट्टीत एपीएसची फाइल (ते काय ते खाली सांगतो), उत्तरायण म्हणजे संक्रांतीपर्यंत इंग्लिशची परीक्षा, होळीपर्यंत अ‍ॅप्लिकेशनं. उत्तरायणला पोरगं गच्चीवरून खाली येईना म्हणून तो भाग फेब्रुवारीत गेला, तेवढं चालतं.

एपीएस म्हणजे भारतातल्या मुलांचे शिक्षणाचे कागद खरे आहेत का ते तपासून मिळणारं सर्टिफिकेट, नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या स्टुडंट व्हिसाला हे लागतंच. ऑनलाइन रजिस्टर करायचं, १८,००० रुपये फी, कागदांचा सेट दिल्लीच्या ऑफिसला. याला कधी काही आठवडे लागतात, कधी जास्त, म्हणून सगळ्यात आधी हेच. दहावीपासून प्रत्येक सेमिस्टरपर्यंत सगळं लागतं आणि एटीकेटी असेल तर तीही मार्कशीट लावा. लपवायला जाऊ नका, ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसतंच ते. ट्रान्सक्रिप्टवरून आठवलं, युनिव्हर्सिटीत ते काढायला अर्ज द्याल तेव्हा चार-पाच कॉपी एकदमच मागा, पुन्हा पुन्हा फतेहगंजला चकरा कोण मारणार, त्यात परीक्षेचे दिवस असले की खिडकीवरचा माणूस ‘पछी आवजो’, नंतर या, म्हणून मोकळा.

अ‍ॅप्लिकेशनं बऱ्याच ठिकाणी युनि-असिस्टमधून जातात, ही पुष्कळ युनिव्हर्सिट्यांचे अर्ज एकत्र घेणारी संस्था, पहिल्या युनिव्हर्सिटीला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरला पुढच्या प्रत्येकीला ३०. काही युनिव्हर्सिट्या थेट घेतात. एजंट लोक बारा-पंधरा ठिकाणी भरायला लावतात, मला विचाराल तर सहा-सात नीट बघून भरलेली बरी. बरेच कोर्स नुसते नावाला सारखे असतात, आत सब्जेक्ट निराळे, आणि तुमच्या बीईच्या सब्जेक्टशी जुळत नसेल तर फी गेली पाण्यात. इंग्लिशची परीक्षा देताना बुकिंगमध्ये नाव पासपोर्टसारखंच टाका, बापाच्या नावासकट. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलात तरी.

पैसा

आता मोठा मुद्दा. जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी बहुतेक ठिकाणी नाही, पण राहायचा खर्च तुम्ही आधी बाजूला काढून दाखवायचा. त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात, वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाखांच्या घरात. घाबरू नका, ही फी नाहीये, पैसे मुलाचेच, फक्त तिकडे पोचल्यावर दर महिन्याला ९९२ च हातात येतात, एकदम नाही. व्हिसा नाही मिळाला तर अकाउंट बंद करून पैसे परत मागता येतात, सर्व्हिसवाल्याची फी तेवढी जाते.

हे अकाउंट ऑनलाइन उघडतं, इथून बँकेतून पैसे पाठवायचे. पाठवताना दोन गोष्टी. एक, बँकेचे मधले चार्जेस आपल्या बाजूला घ्या, नाहीतर पैसे वाटेत कापले जातात आणि तिकडे ११,८९० पोचतात, आणि १४ युरोसाठी कन्फर्मेशन लेटर अडकतं. थोडे जास्तच पाठवा. दोन, बँकेच्या फॉर्मवर जो रेफरन्स नंबर ते देतात तो आणि मुलाचं नाव तसंच्या तसं उतरलंय का ते क्लार्कच्या खांद्यावरून वाकून बघा. लाज वाटून घेऊ नका, तुमचे बारा लाख आहेत.

टीसीएसचं, म्हणजे पैसे पाठवताना बँक जो टॅक्स आधीच कापून घेते त्याचं, सगळे विचारतात. परदेशी पैसे पाठवताना एका पॅनवर आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस नाही, त्याच्या वरच्या रकमेवर लागतो. बँकेचं एज्युकेशन लोन असेल तर त्यातून पाठवलेल्या पैशावर लागतच नाही. आणि कापला तरी बुडत नाही, रिटर्न भरताना क्रेडिट मिळतं, फक्त ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच. तेव्हा ज्या काकांचं रिटर्नच भरत नाहीत त्यांच्या खात्यातून पाठवू नका. आईच्या आणि बाबांच्या पॅनवरून थोडं थोडं पाठवलं तरी चालतं.

आता काका-मामांचं. आपल्याकडे कोणी शिकायला निघालं की सगळं गोत मदतीला धावतं, मामा म्हणतो माझी एफडी आहे दाखव, आत्या म्हणते माझ्या खात्यात आहेत. प्रेम आहे, पण युकेला ते चालत नाही. तिथे पैसा मुलाच्या स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात पाहिजे, नाहीतर बँकेचं एज्युकेशन लोन. आणि तो सलग २८ दिवस तिथे पडून असला पाहिजे, मधे एक दिवस जरी ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला तर गेलं, आणि ते २८ दिवस संपल्याची तारीख अर्ज भरायच्या आधीच्या ३१ दिवसांत असली पाहिजे. शेजारच्या त्या मुलीच्या आईच्या खात्यातून विसाव्या दिवशी एलआयसीचा हप्ता ऑटोमॅटिक गेला आणि मोजणी पुन्हा एकपासून. तेव्हा आधी सगळे ऑटो डेबिट दुसऱ्या खात्याला लावा. मामाला द्यायचेच असतील तर वेळेवर आईच्या खात्यात टाकू द्या, भेट म्हणून साध्या कागदावर लिहून द्या, आणि मग अर्ज भरायच्या आदल्या आठवड्यात नको, बऱ्याच आधी.

अमेरिकेत उलट, तिथे काका स्पॉन्सर असला तरी चालतो, पण मुंबईला कॉन्सुलेटमध्ये खिडकीवर उभं राहून दोन-तीन मिनिटांत मुलाला स्वतः सांगता आलं पाहिजे की काका का देतोय आणि काय कमावतो. तिथली व्हिसा फी १८५ डॉलर आणि सेव्हिसचे, म्हणजे त्यांच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे, वेगळे ३५०. पोरं तिथे पाठ केलेलं बोलतात आणि साध्या प्रश्नाला अडकतात, ‘तुझे वडील काय करतात’ याला पण इंग्लिशमध्ये निबंध सांगतात! जेवढं विचारलं तेवढं सांगायचं.

एजंटबद्दल एवढंच. सगळे वाईट नसतात, पण आम्ही ज्याच्याकडे पहिल्यांदा गेलो त्या अलकापुरीतल्या एसी ऑफिसात त्या भाईने चहा पाजून सांगितलं की फंडची चिंता करू नका, आम्ही दाखवून देऊ, व्याज लागेल. म्हणजे तुमच्या खात्यात दुसऱ्याचे पैसे चार दिवस ठेवायचे. बावीस वर्षं बँक स्टेटमेंट बघतोय मी, आणि कालपर्यंत आठ हजार शिल्लक असलेल्या खात्यात आज एकदम पंधरा लाख आले की ते शाळकरी पोरालाही दिसतं, व्हिसा ऑफिसरला दिसणार नाही का? खोटा कागद सापडला तर नुसता नकार मिळत नाही, पुढच्या प्रत्येक अर्जात ‘आधी कधी रिजेक्ट झालात का’ या रकान्यात तो आयुष्यभर लिहावा लागतो. मी उठलो तिथून.

लोन घेणार असाल तर घराचे कागद आत्ताच काढा. मोठ्या रकमेला बँका तारण मागतात आणि आपली जुनी घरं, डांडिया बाजार, मांडवी, वाडीतली, पुष्कळदा अजून आजोबांच्याच नावावर. वारसाई केलेलीच नसते. तीन भाऊ, एक बहीण, त्यातला एक पुण्याला, सगळ्यांच्या सह्या, प्रॉपर्टी कार्डवर नावं चढवायची, यात चार महिने कसे जातात कळत नाही, आणि त्यात कोणाला तरी जुनं भांडण आठवतंच. आमच्याकडे हेच झालं म्हणून शेवटी भाऊजींनी पीएफमधून आणि एफडी मोडून केलं. उत्पन्न कमी असेल आणि बिनअनामत, म्हणजे खुल्या, वर्गात येत असाल तर गुजरात सरकारच्या बिनअनामत निगमची परदेश अभ्यासाची लोन योजना आहे, १५ लाखांपर्यंत, ४ टक्के साध्या व्याजाने. आपल्यातल्या पुष्कळांना हे माहितीच नसतं कारण जाहिरात गुजराती पेपरात येते आणि घरी मराठी पेपर. अटी असतात, उत्पन्नाच्या आणि बारावीच्या टक्क्यांच्या, त्या बघून घ्या.

तसं बडोद्याला स्पॉन्सरशिप नवीन नाही म्हणा. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले ते सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानात नोकरी करीन असा करार लिहून देऊन. म्हणजे पैसा कोण देतो आणि कशावर देतो, तेव्हाही लेखीच होतं.

पत्र, फॉर्म आणि अहमदाबाद

मोटिव्हेशन लेटर हा एकच कागद असा की तो मुलाने स्वतः लिहायचा. एजंटकडचा नमुना घेतलात तर पहिलं वाक्य ‘जर्मनी इंजिनिअरिंगमध्ये जगात पुढे आहे’ असंच येणार, आणि ते वाचणाऱ्याने त्या दिवशी चाळीस वेळा वाचलेलं असणार. भाच्याने आधी तसंच लिहिलं होतं. मी म्हटलं हे खोड आणि सांग मला, तू थर्ड इयरला मकरपुरा जीआयडीसीत पंपाच्या कारखान्यात दोन महिने गेलास तिथे काय बघितलंस. तो सांगायला लागला की पंप टेस्ट करताना आकडे अजून वहीत लिहितात आणि मग एकजण रात्री एक्सेलमध्ये भरतो. म्हटलं हेच लिही, आणि तुझ्या कोर्समधला कुठला सब्जेक्ट याच्या कामाचा आहे ते लिही, आणि पुढे काय करणार ते लिही. दीड पान झालं. मधे गॅप असेल, एखादं वर्ष घरी बसलेला असेल, बाबांचं आजारपण असेल, तर तेही दोन ओळीत साधं सांगून टाकायचं. न सांगितलेली गॅप जास्त दिसते.

फॉर्म आता ऑनलाइन, जर्मनीच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर, तिथेच कागद स्कॅन करून चढवायचे. गुजरातची फाइल जाते मुंबईच्या कॉन्सुलेटकडे, पण ओरिजिनल दाखवायला आणि बोटांचे ठसे द्यायला अहमदाबादचं व्हीएफएस, म्हणजे व्हिसाचे कागद घेणाऱ्या कंपनीचं सेंटर, आहे. फोनने काढलेले वाकडे फोटो चढवू नका, बोट दिसतं त्यात. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन नीट स्कॅन करा, प्रत्येक फाइलला नाव द्या. लागतं काय: पासपोर्ट, तो दहा वर्षांपेक्षा जुना नको आणि दोन पानं कोरी पाहिजेत, युनिव्हर्सिटीचं अ‍ॅडमिशन लेटर, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटचं कन्फर्मेशन, हेल्थ इन्शुरन्स, भाषेचं सर्टिफिकेट, सीव्ही, ते पत्र, मार्कशीटा, आणि आपलं ते अ‍ॅफिडेव्हिट. इन्शुरन्समध्ये तिशीच्या आतल्या मुलांना स्टुडंट रेटने तिथला पब्लिक इन्शुरन्स मिळतो, पण तो अ‍ॅडमिशन पक्की होऊन सुरू होईपर्यंतचे दिवस झाकायला ट्रॅव्हल इन्शुरन्स वेगळा. बहुतेक ब्लॉक्ड अकाउंटवाले दोन्ही एकत्र देतात. फोटो बायोमेट्रिक साइजचे, ३५ बाय ४५ मिलीमीटर. व्हिसा फी ७५ युरो, रुपयांत घेतात, व्हीएफएसचा सर्व्हिस चार्ज वर.

अहमदाबादला सकाळची अपॉइंटमेंट होती, एक्सप्रेसवेने गेलो, तरी शहरात शिरल्यावर ट्रॅफिकने घाम काढला. तेव्हा दीड तास लागतो म्हणून दीड तासच आधी निघू नका. आत मुलगा एकटाच जातो, बापाला बाहेर बसवतात, तर फाइल मुलाला स्वतः उघडता आली पाहिजे. आम्ही ओरिजिनल एका फोल्डरात आणि कॉपी दुसऱ्यात, दोन्हीत एकाच क्रमाने, वर पेन्सिलने नंबर. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट बघितला, दहावीची मार्कशीट बघितली, थांबली. आणि विचारायच्या आत भाच्याने अ‍ॅफिडेव्हिट पुढे केलं. ती हसली म्हणे, ‘आ तो बराबर छे’. तेवढ्यासाठी आमचे दोन महिने गेले होते.

त्या काउंटरवाल्यांना व्हिसा द्यायचा अधिकार नसतो, ते फक्त कागद घेतात. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका आणि ‘होऊन जाईल ना’ असंही विचारू नका. नंतर वाट बघायची. काही आठवडे ते अडीच-तीन महिने धरून चला, मधे मुंबईहून मेल आला तर त्याच दिवशी उत्तर द्या, स्पॅम फोल्डर रोज बघा.

आधी नकार आला तर जर्मनीत एक सोय होती, फेरविचाराचं पत्र लिहिता यायचं, फी न भरता. १ जुलै २०२५ पासून ती बंद केलीये सगळीकडे. आता एकतर पुन्हा पहिल्यापासून फी भरून अर्ज, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जा. बर्लिनच्या कोर्टात कोण जाणार इथून? म्हणून पहिलीच फाइल अशी लावा की समोरच्याला काही विचारायलाच लागू नये. नकार आलाच तर पत्रात कारण असतं ते शांतपणे वाचा, तेवढंच दुरुस्त करा, तीच फाइल तशीच पुन्हा पाठवून नशीब बघू नका.

व्हिसाचा स्टिकर आल्यावर

पासपोर्ट कुरिअरने घरी येतो. आमच्याकडे गणपतीत आला, ताईने आधी तो गणपतीपुढे ठेवला आणि मी म्हटलं आधी स्पेलिंग बघू दे. पेढे नंतर. स्टिकरवर नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि कुठल्या तारखेपासून व्हॅलिड आहे ते बघा, आणि चूक असेल तर लगेच कळवा, तिकडे पोचून नाही. तिकीट त्या तारखेच्या आधीचं काढू नका. स्वस्त मिळतंय म्हणून आधीच काढून ठेवणारे महाभाग मी बघितलेत. हा व्हिसा काही महिन्यांचाच असतो, पूर्ण कोर्सचा नाही, तिकडे जाऊन रेसिडेन्स परमिट काढायचं असतं. ओरिजिनल कागद हँडबॅगेत, चेक-इनमध्ये नाही, तिथे थेपले ठेवा. कामाचं विचारतात सगळे, तर शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण त्यावर ब्लॉक्ड अकाउंटचा हिशोब बसवू नका, पहिले काही महिने भाषाच आडवी येते.

पोचल्यावर पत्ता नोंदवायचा, घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत, आणि त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, ते चावी घेतानाच मागा. तिथली बाई भाच्याचा पासपोर्ट बघून म्हणाली हे मधलं नाव वाचायचं कसं. त्याने द्न्यानेश्वर म्हणून दाखवलं, तिने दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. आणि शेवटचं, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं: तिथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, लेटरबॉक्सवरचं नाव बघतो. भाच्याने नुसतं आपलं पहिलं नाव चिकटवलं होतं, बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं. आता पट्टीवर आडनावासकट आख्खं नाव आहे, भाऊजींच्या ज्ञ सकट, आणि कागद जरा लांबच कापावा लागला म्हणे.